पेटी काही बोलेना

सध्या आमच्या इमारतीत असं पसरलंय की मी सुनेची नोकरी घालवायला निघाले होते. पसरवणारी कोण ते मला ठाऊक आहे. ती आमच्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर, आणि तिच्या खुर्च्या सरकल्या की तिच्याकडे कोण आलंय आणि ते जेवून जाणार की नाही, हे मी खालून सांगू शकते. आम्ही तिला वरची म्हणतो. तर नोकरी गेलेली नाही, पेटीही जागेवर आहे. झालं काय ते मीच सांगते, कारण वरचीच्या सांगण्यात शेवटी मी रडले असं येतं, आणि मी रडले नाही.

पेटी म्हणजे सुनेचा संगणक. टेबलावरचा नव्हे, तो वेगळा. ही पेटी आमच्या अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली असते. बुटांच्या दोन खोक्यांएवढी आहे, एक हिरवा दिवा आहे, आणि चोवीस तास घूं घूं करत असते. पाहुणे विचारतात फ्रीज का वाजतो, तर मी हो म्हणते. किती जणांना समजावत बसणार.

तिच्यात काय आहे हे मला कळलं ते एका भांडणात. सून म्हणाली, आई, ही झाकणं टाकून द्या. माझ्याकडे झाकणांचं एक पोतं आहे. त्यांचे डबे गेले, पण झाकणं चांगली आहेत, आणि डबा कधी येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, माझ्या पोत्याकडे बघण्याआधी तुझ्या पेटीत काय आहे ते सांग. तिने सांगितलं, की कंपनीत कुणीही काही काम लिहून काढलं की त्याचं एक कोठार होतं, अशी तीनशेच्या वर कोठारं पेटीत आहेत. आणि कोठारात नुसतं आजचं काम नसतं, तर कधी काय लिहिलं, कधी खोडलं, कुणी खोडलं, खोडण्याआधी काय होतं, ते सगळं असतं. खोडलेलंसुद्धा? खोडलेलंसुद्धा. मग मी विचारलं, जपूनच ठेवायचं तर खोडायचं कशाला. यावर ती गप्प झाली. आमची सून गप्प होते ती अशी, की समोरच्याला वाटावं आपण तिचं काही मोडलंय.

माझं म्हणणं एवढंच, की माझ्या झाकणांना अडगळ म्हणायचं आणि हिच्या अडगळीला पगार.

त्याच सुमारास ती आपला जुना लॅपटॉप भंगारवाल्याला देत होती. त्याच्या बिजागऱ्या निखळल्या होत्या, झाकण उभं राहत नव्हतं, म्हणून काय तो निकामी झाला? मी तो दारातूनच परत घेतला. आमचा टेबल-पंखा खिडकीच्या कठड्याला जरा कमी पडायचा, त्याच्याखाली तो असा बसला की मापाने करून घेतल्यासारखा. कुणी बघून पुन्हा वाद नको म्हणून जुन्या पडद्याची एक खोळ शिवून वर चढवली. त्याची वायर वायरींच्या डब्यात टाकली. हे कुणाला सांगण्याची मला गरज वाटली नाही. घरात वारा सगळ्यांना लागत होता.

आता मुद्द्यावर येते. परवा सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी. पेटीला बॅटरी आहे, पण ती मेलेली होती. नवी माझा मुलगा आणणार होता. माझा मुलगा आणणार म्हटलं की आम्ही ती गोष्ट नाही असं धरून चालतो. पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली, सुनेने एक कोठार उघडायला घेतलं आणि ते उघडेना. तिचा चेहरा असा उतरला, की मी न विचारता तिच्यासाठी चहा टाकला.

कंपनीच्या मोठ्या साहेबांचं आधीपासूनच म्हणणं होतं, की ही वस्तू कुणाच्या इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवायची नाही. पेटी मुख्य कचेरीत यावी, आणि पेटी सांभाळणारीनेही यावं. मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात आहे. त्या दिवशी त्यांनी फोनवर निकालच दिला. संध्याकाळपर्यंत सगळी कोठारं तपासा. धड असली तर राहू द्या तिथेच, नाहीतर पेटी इकडे आणि तुम्हीही इकडे. म्हणजे मुलगाही तिकडे. मला काय, गेले तर गेले. मागची खोली मोकळी झाली तर मी तिथे गाद्या ठेवीन, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. मग त्या खोलीत दोनदा जाऊन आले. गाद्या मावतील का ते बघायला.

त्यातच सुनेचा उजवा हात प्लास्टरमध्ये. न्हाणीघरात घसरली होती. नेमकी त्याच दुपारी दवाखान्यात तारीख होती, आणि तो डॉक्टर असा, की तारीख चुकवली तर पुढच्या महिन्यात तोंड दाखवतो. तिने डाव्या हाताने टेबलावरच्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ लिहिली. ती ओळ अशी, की पेटीने स्वतःच एकेका कोठारात शिरायचं, कोपरान् कोपरा तपासायचा, बाहेर यायचं आणि पुढच्यात शिरायचं. मग आम्हा नवराबायकोला समोर बसवून तिने सांगितलं, की बिघाड असेल तरच पडद्यावर काही उमटेल. काही उमटलं नाही तर सगळं ठीक. तुम्ही फक्त बघा, हात लावू नका. वीज गेली तर बाबांनी हीच ओळ जशीच्या तशी पुन्हा घालायची. ती तिने कॅलेंडरच्या पानामागे लिहून आमच्या ह्यांच्या हातात दिली, आणि मुलगा तिला घेऊन गेला.

इथे ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांचं सगळं आयुष्य तारखात्यात गेलं. तारखातं बंद झालं तरी हे बंद झाले नाहीत. शब्द मोजून बोलतात, आणि दुसऱ्याचेही मोजतात. खिडकीवर एखादा माणूस रडत यायचा, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' असं लिहून आणायचा, आणि हे त्याला समजावायचे, की बाबा रे, एवढे पैसे कशाला घालवतोस, 'वारले' पुरे.

आम्ही पडद्यासमोर बसलो. पडदा काळा. एका कोपऱ्यात एक पांढरा ठिपका लुकलुकत होता, बाकी काही नाही. मी उठून दूध बघून आले. काही नाही. धुतलेले कपडे उलटे करून आले. काही नाही. दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. काही बोललं नाही म्हणजे ठीक, हा हिशेब मला या घरात आल्यापासून कधी लागू पडलेला नाही. माझ्या सासूबाई गप्प बसल्या की आम्ही काचेचं सामान आत ठेवत असू.

ह्यांचं म्हणणं माझ्याही पुढचं. ते म्हणाले, तारेत आवाज नाही म्हणजे तार तुटली. मी म्हटलं, ती सांगून गेलीय ना. हे म्हणाले, ती आत्ताची मुलगी आहे, तिने तार पाहिलेली नाही.

एवढ्यात वरची आली. पेटी आजारी आहे हे तिला कसं कळलं मला माहीत नाही. मी फक्त दूधवाल्याला सांगितलं होतं. ती पेटीजवळ जाऊन वाकली, तिच्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाली, वहिनी, तापलीय हो. तिच्या भाच्याचा संगणक असाच अबोल झाला होता, सगळे म्हणाले चाललंय आतल्या आत काहीतरी, आणि शेवटी तो गेला तो गेलाच. वेळेवर हलवलं असतं तर वाचला असता. मग तिने पेटीला ओल्या फडक्याने पुसावं का असं विचारलं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि फडकं ताब्यात घेतलं.

पण संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं, आणि ही पेटी तोंड मिटून बसलेली. मी ह्यांना म्हटलं, करा काय ते. हे वाटच बघत होते. त्यांनी ती काळी खिडकी बंद केली, दुसरी उघडली, चष्मा पुसला आणि कॅलेंडरचं पान समोर ठेवून एका बोटाने ओळ घालायला लागले. अक्षरं ते मोठ्याने म्हणत होते, आणि मी पानावर बोट ठेवून जुळवत होते. इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी येतात, बसच्या पाट्यांमुळे. ओळीच्या शेवटाला आलो तर दोन आडव्या रेघा आणि पुढे एक भलामोठा शब्द उरला होता. हे थांबले. मी म्हटलं, हे राहिलं. ते म्हणाले, "अगं, काम वरच्या शब्दांत झालंय. हा भरतीचा आहे. काढला तरी मजकूर पोचतो." आणि त्यांनी बटण दाबलं.

पेटी बोलायला लागली. बोलायला म्हणजे काय, ओळींवर ओळी, ओळींवर ओळी, खालून वर धावायला लागल्या. प्रत्येक ओळीत तेच दोन शब्द आणि पुढे अक्षरं आणि आकड्यांचा काला. वरची उठून उभी राहिली. ह्यांनी कपाटातून शब्दकोश आणला, पहिला शब्द शोधला आणि गंभीरपणे वाचला, की लोंबकळणारा, लोंबकळणारी, लोंबकळणारं. मी विचारलं, काय लोंबकळतंय? हे म्हणाले, सगळंच.

आता मी फोन का केला. वरची सांगते मला हौस. हौस नव्हे. माझं म्हणणं असं होतं, की उद्या ते साहेब सुनेला बोल लावणार, तर त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगावं, की दोष विजेचा आहे, पोरीचा नाही. नंबर फ्रीजच्या दारावर होता. साहेबांनी विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, मी तिची सासू, सध्या मीच बघतेय.  मग त्यांनी विचारलं, काय परिस्थिती आहे. मी सांगितलं, की आधी पेटी गप्प होती, आता बोलतेय, आणि सगळीच्या सगळी कोठारं लोंबकळतायत, एक सुटलेलं नाही. पण पोर गुणी आहे, मोडलेल्या हाताने काम करते, तिला काही बोलू नका. साहेब फार नम्रपणे म्हणाले, आभारी आहे, पाच वाजता आमचा माणूस गाडी घेऊन पेटी न्यायला येईल, आणि सूनबाईंनाही सांगा सामान बांधायला.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चांगलं बोलले, पण निघालं वाईट.

सून आली तेव्हा ओळी अजून धावत होत्या. तिने दारातूनच पडदा पाहिला, जवळ आली, कॅलेंडरचं पान उचललं, पुन्हा पडदा पाहिला.

"बाबा, शेवटचा शब्द कुठे गेला?"

ह्यांनी घसा खाकरला. तो अनावश्यक होता, असं म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नाही.

तिने सांगितलं ते असं. कुणी एखादं काम सुरू करतं आणि अर्धवट सोडून देतं. ते तुकडे कोठारात तसेच पडून राहतात, कशालाच जोडलेले नसतात, म्हणून लोंबकळणारे. पण ते बिघडलेले नसतात. प्रत्येक कोठारात असतातच. म्हणूनच तो शेवटचा शब्द होता, की यांची नावं घेऊ नकोस, खरोखर हरवलेलं असेल तेवढंच सांग.

मी म्हटलं, "म्हणजे झाकणं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो आई. झाकणंच."

त्यानंतर मी तिला फोनचं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. ती खुर्चीत बसली, डाव्या हाताने पुन्हा पूर्ण ओळ घातली, शेवटच्या शब्दासकट, आणि म्हणाली की आता पहिल्यापासून तपासायचं म्हणजे पाच वाजतीलच. मुलगा म्हणाला, पाचपर्यंत वीज राहिली तर ठीक आहे, पण खाली पाटीवर लिहिलंय की चार वाजल्यापासून मीटर बदलायला वीज बंद. हे तो जिना चढताना वाचून आला होता, आणि आता सांगत होता.

मी पायांत चपला सरकवल्या.

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी तळमजल्यावर राहतो आणि दारातच टेबल टाकून बसतो. गेल्या सभेत मी सर्वांदेखत म्हटलं होतं, की याला सेक्रेटरी केलं ते हा हुशार म्हणून नव्हे, दिवसभर घरी असतो म्हणून. ते खरं आहे. पण खरं बोललेलं माणसं फार दिवस लक्षात ठेवतात. मी म्हटलं, आमच्या बाजूची वीज आज तासभर उशिरा घालवा. तो म्हणाला, काकू, अर्ज आदल्या दिवशी द्यावा लागतो, दोन प्रतींत. मी म्हटलं, बरं, मी कालची तारीख घालते. तो म्हणाला, कारण? मी म्हटलं, पेटी. तो म्हणाला, पेटी हे कारण होत नाही. आजारपण, परीक्षा किंवा लग्न असेल तर विचार होतो. मी म्हटलं, आजारपणच समजा. त्याने विचारलं, कुणाचं? वरची माझ्यामागे जिन्यात उभी होतीच, ती तिथून म्हणाली, पेटीचं.

मग सेक्रेटरीने पेन खाली ठेवलं आणि जिन्याच्या वळणाकडे बघितलं. तिथे माझ्या कुंड्या आहेत. त्या हलवाव्यात म्हणून त्याने मला किती पत्रं लिहिली आणि मी ती कशी भाजीच्या साली गुंडाळायला वापरली, हे इमारतीत सर्वांना माहीत आहे. तो नुसता बघत राहिला.

कुंड्या मी स्वतःच्या हाताने उचलल्या. एकेक करून, सगळ्या, वरपर्यंत. वरची मदत करते म्हणाली, मी नको म्हटलं. माणसाने हरावं तर स्वतःच्या हाताने हरावं. सेक्रेटरीने वायरमनला सांगितलं, आधी पलीकडची बाजू घ्या. आणि मला म्हणाला, "जिना केवढा मोकळा वाटतोय, नाही काकू?" याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. पुढच्या सभेत देईन.

वर आले तर पडदा काळा होता, आणि त्यावर एकच ओळ होती.

"मिळालं," सून म्हणाली. "एवढं एकच. यातला एक तुकडा खरंच गेलाय."

ते तिच्या पहिल्या वर्षीचं काम होतं. बाकी सगळ्या कोठारांच्या नकला कुणा ना कुणाकडे आहेत. ज्याच्याकडे नक्कल असते त्याच्याकडे ते कोठार अख्खं असतं, जुन्या खोडाखोडीसकट, तिथून तुकडा आणून बसवता येतो. पण या कोठाराची नक्कल फक्त तिच्या जुन्या लॅपटॉपवर होती. आणि तो तिने भंगारात दिला होता.  मुलगा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तिकडे घर मोठं बघू आपण. ह्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

मी उठले. पंखा बंद केला, उचलून जमिनीवर ठेवला आणि खोळ काढली.

सुनेने लॅपटॉपकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, वायर वायरींच्या डब्यात आहे, पांढरी, गाठ मारलेली.

तो चालू झाला. फक्त झाकण उभं राहीना. म्हणून मी समोर बसून ते दोन्ही हातांनी धरलं. सून डाव्या हाताने काम करत होती, मुलगा वायरी जोडत होता, आणि मी बिजागरी होते. जरा हात हलला की पडद्यावर रेघा यायच्या आणि सून म्हणायची, आई, स्थिर. मला आजवर कुणी स्थिर म्हणून बसवलेलं नाही. नाकाला खाज आली, खांदे भरून आले, स्वयंपाकघरात नळ टपटपत होता आणि मला उठून तो बंद करता येत नव्हता. पंख्याखाली वर्षभराची धूळ बसली होती, ती सगळी डोळ्यांत जात होती. डोळ्यांतून पाणी आलं असेल तर त्याचं कारण हे आहे. वरची दारात उभी होती. तिला तिथून धूळ दिसली नसेल.

अशा अवस्थेत कंपनीचा माणूस आला. गाडी चालवणारा होता, खांद्यावर दोरी घेऊन आला होता पेटी बांधायला. मी म्हटलं, बसा, ह्यांच्याकडून पाणी घ्या, मला उठता येत नाही. तो बसला. सुनेने त्या लॅपटॉपमधलं कोठार पेटीला दाखवलं, हरवलेला तुकडा आणून बसवला आणि त्या एका कोठारावर तपासणीची ओळ पुन्हा घातली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. ठिपका लुकलुकत होता. काही उमटलं नाही. मग ठिपका खालच्या ओळीवर जाऊन उभा राहिला, आणि तरीही काही उमटलं नाही.

दोरीवाल्याने थोडा वेळ वाट बघून विचारलं, "अडकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "गप्प आहे. म्हणजे बरी आहे."

सुनेने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. सगळी कोठारं धड आहेत, एक नादुरुस्त होतं ते दुरुस्त झालं, वाटल्यास तुमच्या माणसाला विचारा. माणूस पाणी पीत होता, त्याने फोनवर सांगितलं, की इथे सगळे शांत आहेत. साहेबांनी पुष्कळ विचार केला असावा, कारण बराच वेळ तिकडून काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, राहू द्या तिथेच, पण बॅटरी आजच्या आज नवी आणा. मुलगा चपला घालून निघालासुद्धा. फोन ठेवण्याआधी साहेबांनी विचारलं, की दुपारी माझ्याशी बोलल्या त्या बाई कोण. सून म्हणाली, "त्या आई. इथलं सगळं त्याच बघतात."

ती माझ्याकडे न बघता हे बोलली. बघितलं असतं तर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

दोरीवाला गेला, वरची नाइलाजाने गेली. मी चहा केला. सून येऊन माझ्याशेजारी बसली, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. ती काही बोलली नाही. एरवी मी विचारलं असतं, काय झालं, कुणी काही बोललं का, डोकं दुखतंय का. मी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. पंखा जमिनीवरून पायांना वारा घालत होता, आत पेटी घूं घूं करत होती, आणि आम्ही दोघी चहा पीत होतो.

हे पेपर वाचत होते. ते थांबले. त्यांनी पेपरच्या वरून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, कान देऊन जरा ऐकलं, आणि घाबरून विचारलं, "लाइन तुटली का?"

कुणीच उत्तर दिलं नाही.